दवाखान्यातून होडी

बेलार्मिनोची होडी मी पाहिलेली नाही.
त्याची शेड खाडीच्या त्या अंगाला, दवाखाना या अंगाला,
मध्ये भरती-ओहोटी,
आणि चिलोए बेटाच्या या टोकाला
पाच वस्त्यांना मिळून परिचारिका मी एकटी.
पण होडी कुठवर आली ते मला विचारा.

मार्चमध्ये एदगार्दो आला, नडगीवर वाकसाचा घाव.
चार टाके.
म्हणजे कणा तासायला घेतला.
उल्मोचं लाकूड, तो म्हणाला, दगड नुसता, वाकस उसळतो.
नडगी कशाची केलीय, ते नाही म्हणाला.

एप्रिलभर कुसळं.
तळव्यात, नखाखाली, एक तर कानाच्या पाळीत.
कसं गेलं विचारलं
तर दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.
बरगड्या बसत होत्या एकूण.

मग रुपेर्तोची दोन्ही मनगटं, टरारून फोड.
फळ्या वाफेवर शिजवतात आणि गरम आहेत तोवर वाकवतात.
"फळी दोन मिनिटं ऐकते, नोल्फा,
तेवढ्यात हातमोजे कुठे शोधू?"
हातमोजे दाराशी खिळ्याला टांगलेले असतात.
ठाऊक आहे मला. मीच दिलेत.

जूनमध्ये अंगठे.
ओतिलियाचा सर्वात देखणा, वांग्यासारखा जांभळा,
आत रक्त ठणठणत होतं.
सुई लाल तापवून नखाला भोक पाडलं,
थेंब उडाला माझ्या चष्म्यावर,
आणि ती हसायलाच लागली सुटल्यासारखी:
"पण खिळा वाकला नाही हं!"

जुलैत कुणीच नाही.
ना ओरखडा, ना डोळ्यात भुसा.
कपाटात आयोडीनची बाटली भरलेली.
आनंद व्हायला हवा होता.
मी पाववालीला विचारलं, मासे आणणाऱ्या पोराला विचारलं,
तिकडे हातोडीचा आवाज येतो का रे?
पाऊस आहे, तो म्हणाला, कसला आवाज.

ऑगस्टच्या एका ओल्या सकाळी स्वतः बेलार्मिनो.
अकरा वर्षांत हा माणूस या दारातून आला नव्हता.
उजव्या हाताची एक बोट-दीड बोट कमतरता
माझ्या आधीच्या जमान्यातली,
तेव्हा म्हणे त्याने ते रुमालात बांधून घरी नेलं होतं,
आणि दुपारी परत कामावर.
बसला. हात टेबलावर ठेवला.
उलटसुलट पाहिला मी. काही लागलेलं नव्हतं.
टेबलावरची कात्री मात्र किणकिणत होती.

"वाकस धरवत नाही," तो म्हणाला.
"पोरं धरूही देत नाहीत.
सबंध होडी होत आली, आणि माझ्या अंगावर
एक खरचटलेलंसुद्धा नाही, बघ."

नोंदवहीत जखमेचा रकाना असतो.
मी पेन धरून बसले.
शहरात डॉक्टर आहे, गोळ्या आहेत, चिठ्ठी देते, म्हटलं.
चिठ्ठी त्याने घेतली, चौघडी केली, टोपीत ठेवली.
रकाना तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी परत तोच.
मिशीला डांबर, बाहीला आलेर्सेच्या सालीचे धागे,
फटी बुजवायला घेतल्या होत्या तर.
त्या कामाची मोगरी डोक्याएवढी,
थोडी इकडेतिकडे पडली तरी चालतं,
फट काही तक्रार करत नाही.
अंगठा चालत नाही.
डावा अंगठा त्याने माझ्या नाकासमोर धरला,
दात पडलेलं पोर दात दाखवतं तसा.

हाड शाबूत होतं. नखही बहुधा राहील.
दुखतंय का, विचारलं.
"चांगलंच," तो म्हणाला.

वहीत लिहिलं: अंगठा, डावा, ठेचलेला.
होडी पाण्यात कधी उतरवणार, मी विचारलं नाही.
एका बोटभर पट्टीचं काम होतं,
मी मनगटापर्यंत बांधली,
पांढरीशुभ्र,
शेडच्या दारातून आत शिरताना
लांबून दिसेल अशी.